फिल्टर बसवल्यावर नळाला जोर का राहत नाही?

घराच्या मुख्य पाइपलाइनवर पाण्याचा फिल्टर बसवल्यानंतर नळाची धार हळूहळू बारीक होत जाते. बारामती आणि इंदापूर भागात त्यामागे बहुतेक वेळा दोन कारणे असतात. छतावरच्या टाकीतून मिळणारा दाब मुळातच कमी असतो, आणि पाण्याबरोबर येणारा गाळ तेवढाही शिल्लक ठेवत नाही.

पाण्याची उंची 10 मीटर असेल तर साधारण 1 किलो दाब मिळतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो. टाकी गच्चीवर स्लॅबलगत ठेवलेली असली, तर तिच्या तळापासून वरच्या मजल्यावरच्या शॉवरपर्यंत जेमतेम दीड मीटर अंतर भरते. हाती येतो 0.15 किलो. नवा, स्वच्छ फिल्टरही थोडा दाब खातोच. 2 किलो दाबाच्या लाइनवर 0.1 किलो गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र तेवढ्याने दोन तृतीयांश जोर संपतो. म्हणूनच खालच्या मजल्यावर नीट चालणारा फिल्टर वरच्या मजल्यावर निरुपयोगी वाटतो.

गाळ कोणता, हे पाणी कुठून येते त्यावर ठरते. बारामती शहराला नीरा डाव्या कालव्याचे पाणी साठवण तलावांत घेऊन पुरवले जाते. पावसाळ्यात नदीला पूर आला की त्यात बारीक माती उतरते. भिगवण, पळसदेव या बाजूला उजनीचा फुगवटा आहे. तिथे उन्हाळ्यात पाणी ओसरताना शेवाळ वाढते. बोअर-विहिरींच्या पाण्याचे दुखणे वेगळे. ते दिसायला स्वच्छ असते, पण त्यात क्षार विरघळलेले असतात. विरघळलेला क्षार गाळाच्या फिल्टरमध्ये अडकत नाही, तो पुढे जाऊन गिझरमध्ये आणि आरओच्या मेम्ब्रेनवर थर धरतो. त्यामुळे गढूळ पाण्यावरचा उपाय क्षाराच्या पाण्याला लागू पडत नाही.

दोष फिल्टरचाच आहे का, हे बादलीने कळते. एकाच नळाखाली बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. मग कॉक बंद करून, फिल्टरवरचे बटण दाबून आतला दाब सोडावा, कार्ट्रिज काढावी आणि रिकामे भांडे पुन्हा बसवून तीच बादली भरावी. वेळ निम्म्यावर आला तर कार्ट्रिज तुंबली आहे. फरक पडला नाही तर शोध दुसरीकडे घ्यावा: नळाच्या तोंडाची जाळी, अर्धवट उघडा कॉक, क्षार धरलेला जुना लोखंडी पाइप, किंवा टाकी रिकामी झाल्यावर पाइपमध्ये अडकलेली हवा.

दोऱ्याच्या किंवा स्पन कार्ट्रिज धुऊन पुन्हा वापरण्याची सवय घरोघरी आहे. वरचा चिखल निघतो आणि दोन दिवस बरे वाटते, पण अशी कार्ट्रिज गाळ आपल्या जाडीतही धरून ठेवते आणि तो नळाखाली धुऊन निघत नाही. ती बदलणेच योग्य. बदलताना रबरी रिंग खाचेत नीट बसली आहे ना, आणि भांड्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, एवढे पाहावे.

कार्ट्रिज वारंवार तुंबत असेल तर मांडणीच बदलायला हवी, आणि तिचा उत्तम नमुना याच तालुक्यांतल्या शेतांत उभा आहे. ठिबकवर ऊस, डाळिंब किंवा द्राक्ष घेणारा शेतकरी कालव्याचे वा शेततळ्याचे पाणी थेट लॅटरलमध्ये सोडत नाही. शेवाळासाठी आधी वाळूचा फिल्टर आणि त्यानंतर जाळीचा किंवा डिस्कचा फिल्टर असतो. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबमापक असतात. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोच्या आसपास गेला की फिल्टर धुतला जातो. टाकीच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात बहुतेक वेळा एकूण दाबच अर्धा किलो नसतो, त्यामुळे तो आकडा घरी चालत नाही. क्रम मात्र जसाच्या तसा घ्यावा. टाकीच्या आउटलेटला धुता येणारा साधा डिस्क फिल्टर बसवला तर वाळू, पाचोळा आणि शेवाळाचे तुकडे तिथेच अडकतात. डिस्क सुट्या करून ब्रशने घासल्या की काम झाले. फार बारीक माती त्यातून निसटते, पण आंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्याला त्याने बिघडत नाही. 5 मायक्रॉनची कार्ट्रिज फक्त स्वयंपाकघराच्या लाइनवर ठेवावी. सगळ्या घराचे पाणी तिच्यातून ओढणे ही या तक्रारीतली सर्वांत मोठी चूक आहे.

संपूर्ण घराला बारीक फिल्टर हवाच असेल तर 10 इंची भांड्याऐवजी 20 इंची जंबो भांडे घ्यावे, किंवा दोन फिल्टर शेजारी-शेजारी जोडून पाणी विभागून घ्यावे. गाळायला क्षेत्र जास्त मिळाले की अडथळा कमी होतो. त्यानेही भागले नाही तर प्रेशर पंप बसवावा. त्याची जागा टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये. पंप फिल्टरच्या पुढे लावला तर तुंबलेल्या कार्ट्रिजमधून पाणी ओढता ओढता तो कोरडा चालतो आणि खराब होतो. नगरपालिकेच्या लाइनला थेट मोटर मुळीच लावू नये. शेजाऱ्यांचे पाणी तुटते आणि फुटक्या जोडांतून बाहेरची घाण आत ओढली जाते.

स्वयंपाकघरातल्या आरओचा हिशेब निराळा. त्याने घरातल्या इतर नळांचा जोर कमी होत नाही, आणि त्याचे पाणी मुळातच सावकाश तयार होते: दिवसाला 75 गॅलनचे मेम्ब्रेन अनुकूल स्थितीतही तासाला 12 लिटरच्या आसपास देते, थंडीत आणखी कमी. पंप चालू असूनही टाकी भरत नसेल तर आधी बाहेरचा प्री-फिल्टर पाहावा. तो स्वच्छ असेल, वाया जाणारे पाणी वाढले असेल आणि गाळलेल्या पाण्याचा टीडीएसही चढला असेल, तर मेम्ब्रेन क्षाराने खराब झालेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600. बोअरचे पाणी याच्या वरच्या टोकाला असेल तर केवळ मेम्ब्रेन बदलून ते टिकत नाही; त्याच्या आधी क्षाररोधक कार्ट्रिज किंवा सॉफ्टनर लावावा लागतो.