‘आई, काही होणार नाही ना?’

चौक हे मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाचं, उत्तनजवळचं मच्छीमारांचं गाव. समजा, इथल्या एका घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत टाकलेत, पप्पा बोटीवर गेलेत. मुलगी मोरीत चौथ्यांदा हात धुतेय. मनगटापर्यंत कातडी लाल झालीय. ती बाहेर येते आणि विचारते, ‘‘आई, काही होणार नाही ना? पप्पा नीट येतील ना?’’ आई सांगते, ‘‘नाही गं बाय, काही नाही होत.’’ मुलीचा चेहरा निवळतो आणि दोन मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा येतो.

समुद्रावर गेलेल्या माणसाची काळजी इथल्या प्रत्येक घराला असते. म्हणूनच या मुलीचा आजार लवकर ध्यानात येत नाही. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात मुलाचं सारखं हात धुणं असंच ‘चांगली सवय’ म्हणून खपून जातं. काळजी आणि आजार यांतली रेघ ओळखायची खूण मात्र साधी आहे: खात्री मिळूनही प्रश्न संपत नाही, आणि त्यापायी जेवण, अभ्यास, झोप, खेळ यांतलं काहीतरी बुडू लागतं. याला ओसीडी म्हणतात, जुनी माणसं मंत्रचळ म्हणतात. शंभरातल्या एक ते तीन मुलांना तो होतो आणि बऱ्याचदा दहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो. मुलांना आपले विचार विचित्र वाटतात, लाज वाटते, म्हणून ती ते लपवतात.

मेंदूत घडतं ते असं. नको असलेला विचार येतो आणि भीती उसळते. मूल हात धुतं किंवा आईला विचारतं आणि भीती ओसरते. मेंदू त्यातून शिकतो, ‘धुतलं म्हणून वाचलो.’ न धुताही काही झालं नसतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. ती संधी जाणीवपूर्वक देणं हा या आजारावरच्या उपचाराचा कणा आहे. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ही वाट दाखवली: रुग्णाने भीतीच्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही.

ऐकायला हे कठोर वाटतं. प्रत्यक्षात ते मुलाच्या संमतीने, पायरीपायरीने चालतं. आधी भीतींची यादी करून प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे. आपल्या मुलीची यादी अशी असू शकेल: सुक्या बोंबलाकडे नुसतं बघणं दोन, बोटाने शिवणं पाच, शिवून हात न धुता फ्रॉकला पुसणं आठ. सुरुवात दोनपासून होते. पाचवर आली की ती बोंबील शिवते आणि थेरपिस्टशेजारी बसून राहते. ‘आता किती?’ सात, अंदाजापेक्षा जास्त. थोड्या वेळाने सहा. मग चार. कधी आकडा लवकर उतरतही नाही. पण भीती वाटत असतानाही आपण तग धरू शकतो, हे ती शिकते. समजावण्याने जे होत नाही, ते या बसून राहण्याने होतं.

औषधांचं काय? अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओसीडी असलेली ७ ते १७ वर्षांची ११२ मुलं होती. बारा आठवड्यांनंतर ज्यांची लक्षणं नाममात्र उरली, त्यांचं प्रमाण असं: मानसोपचार आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्यांत सुमारे ५४ टक्के, फक्त मानसोपचार मिळालेल्यांत ३९, फक्त औषध घेणाऱ्यांत २१ आणि औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ४ टक्के. चिंताविकारांच्या ४८८ मुलांवरच्या २००८ मधल्या चाचणीतही दोन्ही उपचार एकत्र घेणारी मुलंच पुढे होती. म्हणून सौम्य आजारात आधी मानसोपचार आणि आजार जड असेल तर जोडीला औषध, हा क्रम मला पटतो. औषध सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे मात्र डोळ्यांत तेल घालून काढावेत. काही मुलांत अस्वस्थता किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार वाढतात. तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवावं. मनाने औषध बंद करू नये.

पण माझ्या मते सर्वांत मोठा उपचार स्वयंपाकघरात होतो. आई दर वेळी ‘काही नाही होत’ म्हणते, आजी वेगळा साबण आणून ठेवते, दादा तिच्यासाठी दाराची कडी उघडतो. हे सगळं मायेपोटी चालतं आणि आजार त्यावरच पोसला जातो. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी चिंताविकार असलेल्या १२४ मुलांवर अभ्यास केला. एका गटात मुलांऐवजी फक्त पालकांना शिकवलं: मुलाची भीती मान्य करा, पण भीतीच्या सांगण्यावरून वागू नका. मुलांना थेट दिलेल्या मानसोपचाराच्या तुलनेत हा मार्ग उणा ठरला नाही. आईने म्हणायचं ते एवढंच, ‘‘तुला भीती वाटतेय, कळतंय मला. तू निभावशील. या प्रश्नाला मात्र मी आता उत्तर देणार नाही.’’ पहिले दिवस रडारडीचे जातात. घरातल्या एकानेही पाघळून उत्तर दिलं तर केलेलं पाण्यात जातं. म्हणून बोटीवरून परतलेल्या पप्पांनाही हे आधी सांगून ठेवावं लागतं.

योगाचं स्थान या उपचारांच्या जोडीला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेलं. आज बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एकात्मिक वैद्यकाचा विभाग आहे. संथ श्वसन, मैदानावरचा खेळ, पुरेशी झोप यांनी चिंतेची धार कमी व्हायला मदत होते. मात्र ओसीडीच्या मुलाने ‘सात वेळा अनुलोम-विलोम केलं नाही तर वाईट होईल’ असं ठरवलं, तर प्राणायामही मंत्रचळच होतो. ओमेगा-३ किंवा तत्सम पूरक गोळ्यांचे मुलांवरचे पुरावे अजून तोकडे आहेत. काढा, चूर्ण, अश्वगंधा यांपैकी काही चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला न लाजता सांगा.

श्रद्धेलाही या उपचारात जागा आहे. उत्तन-चौकात चर्चशी जुनं नातं असलेली कितीतरी घरं आहेत. ‘माझ्या मनात वाईट विचार आला, मी पापी आहे का?’ असं दिवसभर विचारणारी मुलं असतात. १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसात जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याच छळातून गेले. जुनी पापं पुन्हापुन्हा कबूल करणं थांबवायचं, असं त्यांनी अखेर ठरवलं, तेव्हा ते सुटले. फादर किंवा गुरुजींनी ‘एकदा प्रार्थना केलीस, पुरे’ असं थेरपिस्टच्या सल्ल्याने सांगितलं, तर त्या शब्दाचं वजन मोठं असतं. मुलाला भूतबाधा झालीय असं मात्र कुणीही म्हणू नये.

अडचण आहे ती अंतराची. असा उपचार आठवड्याला एक भेट याप्रमाणे काही महिने चालतो आणि चौकातून प्रत्येक खेप म्हणजे एक दिवस आणि एक रोजगार. तरी वाटा आहेत. भाईंदरहून लोकलने मुंबई सेंट्रलला उतरलं की नायर आणि प्रभादेवीला उतरलं की केईएम, या दोन्ही महापालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. आणि मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीत बोलता येतं, तो रात्रीही लागतो. मुलाचे हात धुऊन धुऊन सोलवटले असतील, तर साबण बदलण्याआधी हा क्रमांक लावा.