वाढप्याच्या हजेरीपासून क्रूझच्या किचनपर्यंत: खाद्यव्यवसायातलं हंगामी काम शोधताना काय तपासायचं?

तुळशीचं लग्न लागलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात. 'उद्या २५ मुलं पाहिजेत. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बूट, दाढी केलेली. ४ वाजता कार्यालयावर.' किती पैसे मिळणार, किती वाजता सुटणार, रात्री परत कसं जायचं, याबद्दल एक अक्षर नसतं. तरी अर्ध्या तासात पंचवीस नावं येतात, कारण पुण्यात, कोल्हापुरात, नाशिकमध्ये शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींचा मेसचा खर्च 'केटरिंगला जाऊन' निघतो.

हे काम वाईट नाही. अनुभव नसताना लगेच मिळणारं, हातात रोख देणारं आणि पुढे हॉटेल, रेल्वे, गोवा, आखात किंवा जहाजापर्यंत नेणारं हे क्षेत्र आहे. फक्त त्यात शिरताना काही गोष्टी माहीत असाव्या लागतात, आणि त्या मेसेजमध्ये कधीच लिहिलेल्या नसतात.

काम कधी आणि कुठे निघतं?

या धंद्याचं कॅलेंडर पंचांगावर चालतं. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून पावसाळ्यात केटरिंगचं काम आटतं. अधिक महिना आला की भर उन्हाळ्यातही मुहूर्त थांबतात. गोव्यात साधारण ऑक्टोबर ते मे हा सीझन. पावसाआधी किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवावे लागतात, त्यामुळे तिथली नोकरीही त्यांच्याबरोबरच संपते. महाबळेश्वर, माथेरानला उन्हाळी सुट्टी आणि दिवाळी. वारीच्या वाटेवर आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला २०२७ मध्ये होणाऱ्या सिंहस्थात तात्पुरत्या स्वयंपाकघरांना माणसं लागणार, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे एकाच जागी बारा महिने काम मिळत नाही, पण जागा बदलत राहिलं तर मिळतं. मुरलेले आचारी हेच करतात: लग्नसराईत केटररकडे, मधल्या काळात गोव्यात किंवा हिलस्टेशनला.

शोधायचं कुठे? ओळखीतून, हे खरं उत्तर. त्याशिवाय राज्याचं महास्वयं आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस ही दोन्ही सरकारी पोर्टलं फुकट आहेत. तिथे वाढप्याची रोजची हजेरी मिळणार नाही, पण हॉटेलांच्या आणि कंत्राटदारांच्या जागा दिसतात.

मुकादम पैसे देत नाही, तर कोणाला धरायचं?

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. लग्नाचं काम केटररचं, पण मुलं आणणारा मुकादम वेगळा. केटरर म्हणतो, मी मुकादमाला दिले. मुकादम म्हणतो, केटररने अजून दिले नाहीत. मध्ये अडकतो तो रात्री दोनपर्यंत भांडी उचलणारा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली वेतन संहिता याबाबत स्पष्ट आहे. रोजंदारीवर काम असेल तर पाळी संपताना त्या दिवसाचे पैसे मिळाले पाहिजेत. महिन्याचा पगार असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर कामकाजाच्या २ दिवसांत सगळा हिशेब. ज्याने कामावर ठेवलं त्याने पैसे दिले नाहीत, तर जिथे काम केलं त्या आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येते. थकलेल्या पैशांसाठी ३ वर्षांच्या आत दावा करता येतो. दाद मागायची ती कामगार आयुक्तांच्या कार्यालयात.

कायदा असा असला तरी ५००-७०० रुपयांसाठी कामगार कार्यालयाच्या फेऱ्या कोणी मारत नाही, हे मुकादमालाही पक्कं माहीत असतं. म्हणून खरा उपाय कामाच्या आधीचा आहे. जाण्यापूर्वी ग्रुपवर नव्हे, थेट मुकादमाला लेखी विचारा: 'दादा, हजेरी किती, किती तासांची, रात्री उशीर झाला तर जास्तीचे किती, सोडायला गाडी आहे का?' उत्तर आलं की तोच तुमचा पुरावा. फोनवर सांगितलं असेल तर 'ठरल्याप्रमाणे ७ तासांचे अमुक रुपये, बरोबर ना?' असा मेसेज टाका. कामाच्या ठिकाणचा फोटो, केटररच्या नावाची गाडी किंवा बोर्ड दिसेल असा, काढून ठेवा. आणि पहिल्यांदाच जात असाल तर त्या मुकादमाकडे आधी गेलेल्या एका तरी मुलाशी बोला. तो पैसे बुडवणारा असेल तर पाच मिनिटांत कळतं.

मुलींसाठी आणखी एक मुद्दा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षिततेची सोय मालकाने करायची असते. रात्री एक वाजता 'आता ज्याची त्याने जा' हे चालवून घेऊ नका. छळाची तक्रार असेल आणि कामाच्या ठिकाणी समिती नसेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती असते. रोजंदारीवरच्या महिलेलाही तिथे जाता येतं.

'फूड सेफ्टी'चं काम म्हणजे काय?

वाढप्याची हजेरी आणि थोड्या बऱ्या पगाराची नोकरी यांच्यामध्ये एक छोटी पायरी आहे, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, २०१७ पासून फॉस्टॅक नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम चालवतं. परवानाधारक खाद्यव्यवसायात दर २५ कामगारांमागे किमान एक प्रशिक्षित फूड सेफ्टी सुपरवायझर हवा, असा नियम आहे. केटरिंगसाठी वेगळा बेसिक आणि ॲडव्हान्स्ड कोर्स आहे. शिकायला महिने लागत नाहीत, बेसिक कोर्स एका दिवसात होतो.

या प्रमाणपत्राची खरी किंमत अशी की ते तुमच्या नावाचं असतं, मालकाच्या नाही. केटरर बदला, गाव बदला, ते तुमच्याबरोबर येतं. फिरत्या कामगाराकडे अशी दाखवण्यासारखी गोष्ट एरवी नसतेच. काही मालक कोर्सचे पैसे भरून प्रमाणपत्र स्वतःच्या फायलीत ठेवतात. त्याची प्रत मागून घ्या.

फूड टेक्नॉलॉजी शिकलेल्यांसाठी ऑडिटचं काम वेगळं आहे. एफएसएसएआयने मान्यता दिलेल्या खासगी संस्था हॉटेलं, कारखाने आणि मोठ्या स्वयंपाकघरांची तपासणी करतात. आज चाकण, परवा नागपूर, अशी ती फिरती. मात्र सुरुवातीला सहायक म्हणूनच जावं लागतं.

जुलाब लागलेत, पण हजेरी बुडेल

अन्नविषबाधेची बातमी आली की आपण पनीर, बासुंदी, भगर यांना दोष देतो. बऱ्याचदा तो बरोबरही असतो. शिजवलेलं अन्न गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर आणि थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. दुपारी १२ ला उतरवलेला मसालेभात ३ वाजेपर्यंत नुसता झाकून ठेवणं किती धोक्याचं आहे, ते यावरून कळेल.

पण एक कारण पगारपत्रकात दडलेलं असतं. परवान्याच्या अटींमध्ये, ज्याला शेड्यूल ४ म्हणतात, असं लिहिलंय की जुलाब, उलट्या, कावीळ, ताप, हातावर पिकलेली जखम असलेल्या माणसाने अन्नाला हात लावायचा नाही, आणि त्याने तसं सांगायचं. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही हवी. आता रोजंदारीवरचा माणूस हे कशाला सांगेल? सांगितलं की हजेरी गेली. १० किंवा जास्त कामगार असलेल्या हॉटेलात ईएसआय लागू होतं आणि त्यात आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं असावं लागतं. लग्नसराईत चार केटररकडे मिळून ९० दिवस राबलेल्या मुलाच्या नावावर बहुतेक वेळा एकही दिवस नसतो.

तुम्ही सुपरवायझर असाल तर आजारी मुलाला घरी पाठवण्याआधी दुसरा पर्याय बघा: पार्किंग, खुर्च्या मांडणं, जिथे अन्नाशी संबंध नाही. आणि तुम्हीच कामगार असाल तर निदान वाढप्याच्या जागेवर उभे राहू नका.

गोव्याला जाताना

पगार किती, हा प्रश्न सगळे विचारतात. राहायची खोली कितीजणांत, पाणी किती वेळ, 'टिप' कशी वाटतात, हे विचारत नाहीत. काही ठिकाणी एक महिन्याचा पगार सीझन संपेपर्यंत अडकवून ठेवतात, म्हणजे माणूस मध्येच सोडून जाऊ नये. १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी नियुक्तीपत्र देणं आता बंधनकारक आहे, ते मागा. खोली भाड्याने घेतली तर पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करून घ्या. 'वन नेशन वन रेशन कार्ड'मुळे गावच्या कार्डावर तिथेही धान्य उचलता येतं, हेही लक्षात ठेवा.

क्रूझची नोकरी आणि एजंटचे दोन लाख

कोकण-गोव्यात जहाजावर जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गोव्यात त्यांना 'तारवटी' म्हणतात. आता इन्स्टावर 'क्रूझ जॉब, पगार डॉलरमध्ये, सीट मर्यादित' अशा जाहिरातींचा पूर आहे आणि खाली एकच अट: प्रोसेसिंग फी.

इथे नियम अगदी सरळ आहे. जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार एजंटला नोकरी लावून दिल्याचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च तुमचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. हॉटेल विभागातला वेटर, कुक, भांडी घासणारा यांनाही हे लागू आहे. एजंटकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना हवा आणि तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सुरक्षिततेचे एसटीसीडब्ल्यू कोर्स मान्यताप्राप्त संस्थेत स्वतःच्या पैशाने करावे लागतात, तो खर्च खरा आहे. मात्र 'कोर्स केला की जॉइनिंग पक्कं' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

काम कसं असतं? करार बहुधा ६ ते ९ महिन्यांचा, आठवड्याची सुट्टी नाही. नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी, यावरूनच बाकीचा अंदाज करा. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणी करतं. १०० पैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे नापास. त्यामुळे स्वच्छतेची शिस्त कडक असते आणि ज्याने आधीच फॉस्टॅकसारखं काही शिकलंय, त्याला तिथे कमी ओरडा खावा लागतो.

आखाती देशांत हॉटेलच्या नोकरीसाठी नियम वेगळा आहे. तिथे परवानाधारक एजंट फी घेऊ शकतो, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, तेही पावतीसह. एजंटचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर सापडलं पाहिजे. व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ, असं सांगणाऱ्याबरोबर जाऊ नका.

पैसे आधीच गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन पाठवले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. रक्कम समोरच्याच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार पोहोचली तर ती गोठवता येते. एजंटबरोबरचं चॅट डिलीट करू नका, आणि त्याने 'व्हॉइस कॉलवर बोलू' म्हटलं तरी मेसेजवरच उत्तर मागा.