काचपेटीतले मोरपीस

आमच्या शाळेच्या विज्ञानखोलीत, एका कोपऱ्यात, काचेची एक मोठी बरणी ठेवलेली आहे. तिच्यात एक नाजूक वनस्पती वाढते. समोरून पाहावे तर ती मोराच्या मानेसारखी गर्द निळी दिसते. दोन पावले बाजूला सरकावे, तर निळाई विरते आणि साधा हिरवा रंग तेवढा उरतो. एके दिवशी सातवीतल्या एका मुलीने मोठ्या मायेने झाकण काढून तिच्यावर पाण्याचा फवारा मारला. पाहता पाहता सारी निळाई नाहीशी झाली. मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली व म्हणाली, "सर, माझ्या हातून झाडाचा रंग धुऊन गेला!" मी तिला म्हणालो, "बाळ, जो रंग पानात नव्हताच, तो धुऊन जाईल कसा? थोडी वाट पाहा." आम्ही झाकण उघडेच ठेवले. पाने कोरडी झाली आणि निळाई जशीच्या तशी परत आली.

ही वनस्पती कोणती, तिची निळाई कशाची, आणि आपल्यासारख्यांनी ती घरी कशी वाढवावी, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

तिचे शास्त्रीय नाव सेलाजिनेला विल्डेनोवी. बर्लिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लुडविग विल्डेनो (१७६५–१८१२) यांच्या नावावरून ते पडले. तिचे माहेर म्हणजे ब्रह्मदेशापासून मलाया, सुमात्रा, बोर्निओपर्यंत पसरलेली पावसाळी अरण्ये. तेथे उंच वृक्षांच्या दाट सावलीत ती झुडपांच्या आधाराने कित्येक हात वर चढते. दिसण्यात ती नेच्यासारखी असली तरी नेचा नव्हे, आणि शेवाळही नव्हे. तिला फूल येत नाही, बी धरत नाही. सूक्ष्म बीजाणूंवर तिचा वंश चालतो. हे कुळ फार पुरातन. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी याच कुळातले वृक्ष ताडमाडांएवढे वाढत असत, आणि युरोप-अमेरिकेतील दगडी कोळशाचा मोठा भाग त्यांच्याच अवशेषांचा झालेला आहे.

आता निळाईकडे वळू. या वनस्पतीचे पान बोटांनी चुरडले, तर बोटाला हिरवा रस लागतो, निळा नाही. कारण पानात निळे रंगद्रव्य नाहीच. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचा थेंब पडला की त्यावर इंद्रधनुष्य उमटते. साबणाच्या फुग्यावरही तेच दिसते. तेलाला वा साबणाला ते रंग नसतात. अतिशय पातळ पापुद्र्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून प्रकाश परततो, त्या दोन लहरी एकमेकींत मिसळतात, आणि काही रंग उजळतात, काही मावळतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. या वनस्पतीच्या पानाच्या बाह्यत्वचेत असेच पापुद्रे असून त्यांची जाडी मिलिमीटरच्या सुमारे बारा हजाराव्या भागाएवढी असते. मलेशियात काम करणारे डेव्हिड ली व त्यांचे सहकारी लॉरी यांनी १९७५ साली या निळाईची उकल शास्त्रीय जगापुढे मांडली. पानावर पाणी पसरले की पापुद्र्यावरून परतणारा प्रकाश क्षीण होतो, म्हणून निळाई लोपते. आमच्या विद्यार्थिनीचे अश्रू पुसणारे शास्त्र ते हेच!

या निळाईचा झाडाला उपयोग काय, याबद्दल विद्वानांत अद्याप मतभेद आहेत. अंधाऱ्या रानात मिळेल तो तांबडा प्रकाश पानात अधिक शिरावा म्हणून ही योजना, असे काही म्हणतात. इतरांना ते पटत नाही. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. ही निळाई सावलीतच उमलते. भर उजेडात वाढलेली पाने हिरवी वा तांबूस होतात. त्यांवर मोरपिशी झाक चढत नाही.

हे मला पुस्तक वाचून कळले असते तर बरे झाले असते. ते मला एक झाड गमावून कळले. पहिले रोप आणले तेव्हा, उन्हाशिवाय झाड जगेल कसे, अशी माझी भाबडी समजूत. मी बरणी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. महिन्याभरात निळाई फिकी पडली. मला वाटले, ऊन कमी पडते. म्हणून मी ती दक्षिणेच्या खिडकीत नेली. झाकण बंद, बाहेर ऊन कडक. एका दुपारीच काचेच्या आत भट्टी झाली आणि झाड शिजून गेले. दोष झाडाचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. त्याला काय हवे हे न विचारता मला जे चांगले वाटले ते मी त्याला दिले.

मग काच तरी कशासाठी? कारण या झाडाला कोरडी हवा सोसत नाही. आमच्या इंदूरच्या बाजारात 'संजीवनी' म्हणून सुकलेल्या गवताचे गुंडे विकायला येतात. पाण्यात टाकले की ते उलगडून हिरवे होतात. ती सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस, याच प्रजातीची बहीण. ती सुकून पुन्हा जगते. आपली निळी बहीण एकदा सुकली की संपली. माळव्यातल्या वैशाखात तिला काचेबाहेर ठेवणे म्हणजे मासा पाण्याबाहेर ठेवणे होय.

काचपेटीची युक्ती लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांना योगायोगाने सापडली. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. त्या मातीतून नेच्याचे व गवताचे अंकुर फुटले. लंडनच्या धुराने त्यांच्या अंगणातले नेचे मरत असताना बाटलीतले मात्र जगले. दिवसा मातीतील ओल वाफ होऊन काचेवर जमे व पुन्हा मातीत उतरे. १८३३ साली त्यांच्या पेट्यांतून रवाना झालेली रोपे सिडनीला सुखरूप पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, तीही अशाच पेट्यांतून.

आता प्रत्यक्ष कृती. रुंद तोंडाची, स्वच्छ काचेची, फूटभर व्यासाची झाकणाची बरणी घ्यावी. तळाशी इंचभर बारीक खडी व थोडा कोळशाचा चुरा पसरावा. त्यावर तीन इंच मिश्रण घालावे: दोन भाग कुजलेल्या पानांचे खत किंवा नारळाचा भुसा, एक भाग जाड वाळू. मिश्रण मुठीत दाबले असता एक-दोन थेंबच गळावेत, इतकेच ओले असावे. रोपवाटिकेतून आणलेल्या वेलाचे तीन-चार इंचांचे तुकडे त्यावर आडवे ठेवून केसांच्या आकड्यांनी अलगद दाबावेत. पाणी साठवलेल्या पावसाचे उत्तम. कूपनलिकेच्या जड पाण्याने पानांवर पांढरी पुटे चढतात. फवारा मातीवर व काचेवर मारावा.

बरणी उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवावी. दिव्यावाचून वर्तमानपत्र वाचता येईल, पण हाताची सावली ठळक पडणार नाही, एवढा उजेड पुरे. सकाळी काचेवर पुसट धुके यावे व दुपारपर्यंत विरावे, ही प्रकृती बरी असल्याची खूण. दिवसभर थेंब ओघळत असतील, तर झाकण तासभर उघडावे. धुके मुळीच नसेल, तर पाणी द्यावे. बुरशी दिसताच तो भाग कापून काढावा. उन्हाळ्यात बरणी माठाशेजारच्या गार कोपऱ्यात हलवावी. ग्वाल्हेर-इंदूरच्या थंडीत ती रात्री खिडकीपासून दूर न्यावी. खताचा मोह टाळावा.

गोवा-बेळगावकडील वाचकांना एक विनंती. आपली पावसाळी हवा या वेलीला मानवेल, म्हणूनच छाटलेले तुकडे ओढ्याकाठी फेकू नयेत. अमेरिकेतील फ्लॉरिडात ही वनस्पती बागांतून निसटून रानात शिरली आहे.

आमच्या बरणीची राखण आता त्याच मुलीकडे आहे. ती रोज सकाळी काचेवरचे धुके पाहते व वहीत नोंद करते. पाणी देण्याचे दिवस थोडे असतात, बहुतेक दिवशी वहीत एवढेच लिहिलेले असते: "आज काही केले नाही. झाड निळे आहे."