बंदुकीवरील गंज आणि कणांची निवड

मोहोळ तालुक्यात पाऊस बेताचाच. तरीही वर्षानुवर्षे खुंटीला टांगलेली परवान्याची बंदूक गंजते. हाताचा घाम, वाळून चिकट झालेले तेल आणि कातडी गवसणीत साठून राहिलेला ओलावा एवढी कारणे त्यास पुरतात. लोखंडावर पुन्हा निळसर काळी झाक चढवावयाची, तर आधी हा गंज मुळापासून काढावा लागतो. दाबाच्या हवेबरोबर बारीक कण फेकून हे काम करतात. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० साली या पद्धतीचे एकस्व मिळविले, तेव्हा कण म्हणजे वाळूच होती.

सीना आणि भीमेच्या काठी वाळूचाच विचार प्रथम मनात यावा, हे साहजिक आहे. मात्र तोच प्रथम सोडावयास हवा. वाळूचा कण धातूवर आदळला की फुटतो आणि स्फटिकी सिलिकेची, डोळ्यांस न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते. त्यातून सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. शिवाय क्षयरोगाला वाट करून देतो. कामगार कामावरून घरी गेल्यानंतरही, कित्येकदा काही वर्षांनी, तो प्रकट होतो. ब्रिटनने १९४९ च्या विनियमांद्वारे अशा कामी वाळू वापरण्यास मनाई केली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसचा समावेश शासनास कळवावयाच्या रोगांत केला, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीतही तो आहे. नाकाला फडके बांधणे हा यावरील उपाय नव्हे.

मग कोणते कण घ्यावेत? ते पुढे काय लेप द्यावयाचा यावर ठरते. फॉस्फेटचा करडा लेप द्यावयाचा असेल, तर पृष्ठभाग किंचित खरखरीत हवा. तेथे ॲल्युमिनियम ऑक्साइड योग्य. काठिण्याच्या मापावर वाळू ७ वर, तर हे कण ९ वर आहेत. साहजिकच ते धातूही खातात, म्हणून जाळीचा क्रमांक १२० च्या आसपासचे, म्हणजे बारीक कण घ्यावेत. निळी झाक मंद व एकसारखी हवी असल्यास काचेचे गोल मणी बरे. ते खरवडत नाहीत, ठोकून सारखे करतात. हवेचा दाब चौरस इंचास ४० ते ६० पौंड पुरतो. नुसते जुने तेल व मळ काढावयाचा असेल, तर अक्रोडाच्या कवचाचा किंवा दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाचा भरड चुरा घ्यावा. त्याने मूळ झाक सहसा शाबूत राहते. खोल गंज मात्र निघत नाही. काचेच्या मण्यांत स्फटिकी सिलिका नसली, तरी गंजाची व जुन्या रंगाची धूळ उडतेच. तेव्हा कोणतेही कण घेतले तरी काम बंद पेटीत, धूळ ओढून घेणाऱ्या पंख्यासह व्हावे.

नळीचे आतील अंग, काडतुसाचे घर, घोड्याचे दाते आणि स्क्रूचे आटे आधी बुचे व चिकटपट्टी लावून झाकावे लागतात. त्याहून अधिक जपावयाचा भाग म्हणजे ठोकलेला क्रमांक. जोरकस माऱ्याने तो पुसट होतो, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह पुसणे निषिद्ध आहे. कलम ५ प्रमाणे व्यवसाय म्हणून शस्त्राची दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. त्यामुळे पंप वा नांगराचा फाळ साफ करून देणाऱ्या गावच्या कारागिराकडे बंदूक सोपवू नये. परवानाधारक दुरुस्तीकाराकडे ती देताना क्रमांक परवान्याशी ताडून पाहावा, आणि परत घेतानाही तोच ताडावा.