थिसिस ‘फायनल-७’वर अडकलाय? गिट आणि लाटेकची जोडी नेमकं काय करते

‘थिसिस फायनल’, ‘थिसिस फायनल नवा’, ‘थिसिस फायनल सरांचे करेक्शन’. लॅपटॉपमध्ये अशा फायली साठल्या की तिसऱ्या प्रकरणातला दुरुस्त तक्ता नेमका कुठं आहे, हे ऐन सबमिशनच्या आठवड्यात शोधत बसावं लागतं. आर्णीत राहून एम.टेक. किंवा पीएच.डी. करणाऱ्याला हा घोळ जास्त महागात पडतो. गाइड यवतमाळला, म्हणजे चाळीसेक किलोमीटरवर, नाहीतर थेट अमरावतीला. चुकीची प्रत नेली तर अख्खी फेरी वाया.

यावर जगभरचे संशोधक दोन मोफत साधनं एकत्र वापरतात. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली आणली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात ‘लाटेक’ उभारलं. ‘गिट’ २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कोडसाठी लिहिलं.

लाटेकमध्ये मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा. प्रकरण, आकृती, संदर्भ कुठं हे खुणांनी सांगायचं. क्रमांक, अनुक्रमणिका, संदर्भसूची सॉफ्टवेअर लावतं. मधली एक आकृती काढली तरी पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल आणि संदर्भांची एक फाइल ठेवली की निम्मं काम मार्गी लागतं.

गिट इथंच कामी येतं. ते वर्डची फाइलही साठवतं, पण तिच्यात काय बदललं हे ओळीनुसार दाखवू शकत नाही. साध्या टेक्स्टमध्ये दाखवतं. रोजचं काम संपलं की ‘कमिट’ करायचं आणि ‘गाइडच्या सूचनेनुसार नमुना निवड बदलली’ अशी एक ओळ लिहायची. महिन्यानंतर जुना परिच्छेदच बरा होता असं ठरलं, तर तो तिथून परत मिळतो. गाइडला प्रत देताना त्या टप्प्यावर ‘टॅग’ लावला की कोणती प्रत दिली हा वाद राहत नाही. एक साधी सवय फार उपयोगी पडते: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. छापील पानावर फरक पडत नाही, पण बदल वाक्यागणिक दिसतात.

गाइडला यातलं काहीच शिकायचं नसतं, आणि ते रास्तही आहे. ‘लाटेकडिफ’ हे साधन दोन आवृत्त्यांमधून एक पीडीएफ बनवून देतं. त्यात काढलेला मजकूर खोडलेला आणि नवा अधोरेखित दिसतो. त्याची प्रिंट काढून नेता येते.

नेट गेलं तरी?

कमिटला इंटरनेट लागत नाही. पण कमिट म्हणजे बॅकअप नव्हे. सगळा इतिहास त्याच लॅपटॉपमध्ये असतो, हार्डडिस्क गेली की तोही गेला. म्हणून नेट मिळेल तेव्हा ‘पुश’ करायचंच. गिटहबवर खासगी रिपॉझिटरी २०१९ पासून मोफत आहे. फक्त नवे बदल वर जात असल्याने मोबाइलचा हॉटस्पॉटही पुरतो. मात्र कापूस उत्पादकांच्या सर्वेक्षणातली नावं, फोन नंबर यात टाकू नका. फाइल नंतर डिलीट केली तरी ती इतिहासात राहते.

डाउनलोड मात्र जड आहे. पूर्ण ‘टेकलाइव्ह’ काही जीबी भरतं, ते कॉलेजच्या वायफायवर घ्यावं. ‘मिकटेक’ लागेल तसे भाग उतरवून घेतं.

मराठी प्रबंधही यात होतो. ‘झीलाटेक’ युनिकोड देवनागरी नीट जुळवतं. अडचण जुन्या मजकुराची आहे. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेलं आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं, आणि बदललेलं ओळ न् ओळ तपासावं लागतं. जोडाक्षरं हमखास फुटतात.

शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लाटेकचे धडे मोफत आहेत, मराठीतही. सुरुवात सिनॉप्सिसपासूनच करावी. सबमिशन पंधरा दिवसांवर असेल तर मात्र वर्ड सोडू नका. फाइलच्या नावात तारीख घाला आणि रोज एक प्रत स्वतःला ईमेल करा.