बर्ड फ्लू जगभर टिकतो कसा?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. भारतातली ती पहिली नोंद. हा घातक वंश १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसांत आढळला होता. मग तो इतका दूर पोहोचला कसा?

रानबदकांसारखे पाणपक्षी हे या विषाणूंचे मूळ घर. विषाणू त्यांच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून तळ्यात उतरतो. थंड पाण्यात तो कित्येक आठवडे तग धरतो, तेच पाणी पिणाऱ्या पक्ष्याला लागण होते. अनेक बदके आजारी न दिसताच स्थलांतर करतात. जिवंत कोंबड्यांचे बाजार, पिंजरे, वाहने, माणसांचे बूट यांतूनही तो पसरतो. एकाच पक्ष्यात फ्लू विषाणूचे दोन प्रकार शिरले, तर त्यांच्या आठ जनुकखंडांची अदलाबदल होऊन नवा प्रकार तयार होऊ शकतो.

अशा वाटांनी एच५एन१ २०२१ च्या अखेरीस उत्तर अमेरिकेत, २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोहोचला. २०२४ मध्ये तो अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेतल्या दुभत्या गाईंतही आढळला.

नीट शिजवलेले चिकन आणि अंडी सुरक्षित असतात. मात्र पक्षी अचानक मरताना दिसले, तर त्यांना हात लावू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.