ऐकलं, पण जुमानलं का?

चाकणच्या एका कंपनीत परचेस सांभाळणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मध्यंतरी चीनमधल्या सप्लायरची मेल आली. माल कसा ठेवायचा, पेटी कधी उघडायची, अशा लांबलचक सूचना आणि शेवटी एक ओळ, ‘काइंडली हीड अवर ॲडव्हाइस.’ मॅडमचा पारा एकदम हाय! ‘हा कोण टिकोजीराव मला दम देणारा?’

दम वगैरे काही नव्हता हो. सगळा घोळ त्या ‘हीड’चा.

चिनी भाषेत ऐकणं म्हणजे ‘थिंग’. ‘थिंग-ह्वा’ म्हणजे शब्दशः बोलणं ऐकणं, पण अर्थ होतो आज्ञाधारक असणं. शहाण्या बाळाचं कौतुक करताना चिनी आई हेच म्हणते. आणि सल्ला मानायचा असेल तर ‘थिंग-त्सुंग’, म्हणजे ऐकून मागोमाग जाणं. चिनी डिक्शनरीत ‘हीड’समोर हाही शब्द सापडतो. तो बिचारा सप्लायर डिक्शनरी बघून अदबीनं लिहीत होता. पण इंग्रजीत हा शब्द एकदम सुटाबुटातला. सरकारी इशाऱ्यात, चौकशीच्या अहवालात किंवा अग्रलेखात शोभणारा. रोजच्या मेलमध्ये आला की वाचणारा सावरून बसतो.

हसू नका, आपलंही तेच आहे. ही मैत्रीण मूळची नेवाशाची. सुट्टीत तिच्या घरी गेले, तर तिची आजी नातवाच्या नावानं ओरडत होती, ‘कार्टं अजिबात ऐकत नाही!’ कार्ट्याचे कान ठणठणीत होते. मराठीतही कानावर पडणं आणि तसं वागणं, दोन्ही एकाच ‘ऐकणं’मध्ये कोंबलेलं. चिनी आणि मराठी आजीचं इथे मस्त जमेल.

‘हीड’ या दोन्हींच्या मधला. ‘लिसन’ कानाचं काम, ‘ओबे’ हुकमाचं. ‘हीड’ म्हणजे सांगितलेलं मनावर घेऊन आपलं पाऊल बदलणं; तेही सक्ती नसताना. जर्मनमधला त्याचा चुलतभाऊ ‘ह्यूटन’ म्हणजे राखण करणं, अगदी मेंढ्या राखतात तसं. सल्ला राखायचा, हरवू द्यायचा नाही. आहे की नाही सही?

संध्याकाळी आम्ही पैस खांबापाशी गेलो. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, असं परंपरा मानते. साल शके १२१२, म्हणजे १२९०. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ते श्रोत्यांकडे ‘अवधान’ मागतात. समोरचे लोक ऐकतच बसलेले, तरी मागतात! नुसते कान त्यांना पुरेसे नव्हते. ‘पे हीड’ या इंग्रजी प्रयोगाला मला इतका नेमका शब्द दुसरा दिसत नाही. फरक एवढाच, की अवधानात लक्ष देणं पूर्ण येतं, पण पुढे तसं वागणं येईलच असं नाही.

त्यासाठी आपल्याकडे खणखणीत शब्द आहे : जुमानणं. गंमत बघा, तो आपण सरळ वापरतच नाही. ‘मी बॉसचा सल्ला जुमानला’ असं कुणी म्हणतं का? ‘इशारा न जुमानता’ मात्र पेपरात रोज. इंग्रजीतही ‘हीड’ जास्त भेटतो तो ‘फेल्ड टू हीड’ किंवा ‘अनहीडेड’ म्हणून. दोन्ही भाषांना हा शब्द बहुधा घडून गेल्यावरच आठवतो.

पुण्याच्या माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. कुठे खाणी नकोत, कुठे बांधकाम नको, सगळं त्यात होतं. अहवाल वाचला गेला, त्यावर सभा झाल्या, विरोध झाला, २०१३ मध्ये दुसऱ्या समितीचा सौम्य अहवाल आला. ऐकलं नाही असं कोण म्हणेल? २०१८ चा केरळचा पूर आणि २०२४ ची वायनाडची दरड, दोन्ही वेळी गाडगीळांचा अहवाल पुन्हा चर्चेत आला. माझ्या मते ‘हीड’ शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण नाही.

तुमच्या मेलपुरतं सांगायचं तर सहकाऱ्याला ‘प्लीज फॉलो’ लिहा, क्लायंटला ‘वी सजेस्ट’. ‘हीड’ ठेवा खऱ्या धोक्यासाठी. आणि वापरलाच, तर त्याच्यामागे ‘टू’ नको : ‘हीड द वॉर्निंग’, पण ‘पे हीड टू द वॉर्निंग’. मैत्रिणीनं त्या सप्लायरला उत्तरात ‘नोटेड’ एवढंच लिहिलं. पेट्या मात्र तिनं त्याच दिवशी कोरड्या खोलीत हलवल्या.